मित्रासाठी संगणक जोडताना

‘तुला त्यातलं कळतं ना, मग तूच जोडून दे.’ संगणकाची थोडीफार जाण असलेल्या प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. ऐकताना बरे वाटते, आपल्या ज्ञानाची कुणीतरी दखल घेतली असे वाटते. पण या वाक्यात एक जबाबदारीही दडलेली असते, ती मात्र पुष्कळदा उशिरा लक्षात येते.

माझ्या ती दोन वर्षे उशिरा लक्षात आली. २००८ मध्ये एका जवळच्या मित्राला मी संगणक जोडून दिला होता. बजेट तोकडे होते. मी हौसेने चांगले ग्राफिक्स कार्ड घेतले आणि ते बसवण्यासाठी कॅबिनेटबरोबर आयताच मिळालेला वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, तसाच ठेवला. हजारएक रुपये वाचल्याचा आनंद झाला. २०१० च्या जूनमध्ये एका संध्याकाळी वीज दोन-तीनदा गेली आणि आली. एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर मित्राने आपल्या वडिलांच्या आठवणींची टंकलिखित केलेली दीडशे पाने होती. दुसरी प्रत नव्हती. मित्र मला एका शब्दानेही बोलला नाही. ग्राफिक्स कार्डाचा उपयोग मात्र त्याने त्या दोन वर्षांत एकदाही केलेला नव्हता.

त्याच मित्राने काही महिन्यांपूर्वी पुन्हा तेच वाक्य उच्चारले. आता तो घरी बसून अनुवाद आणि पुस्तकांच्या टंकलेखनाची कामे करतो. नंतर घेतलेला त्याचा तयार संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता आणि विंडोज १० चा नियमित मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता. जुन्या यंत्रावर लिनक्स टाकूनही भागले असते. परंतु काही छापखाने अजून ज्या जुन्या मराठी फाँटमधला मजकूर मागतात, त्याचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते. हाताशी चाळीस हजार रुपये होते. मॉनिटर, कळफलक आणि माउस जुनेच वापरायचे ठरले.

आधी काम, मग यंत्र

संगणक जोडणाऱ्याची पहिली चूक म्हणजे तो स्वतःच्या आवडीचे यंत्र मित्राच्या पैशाने जोडतो. म्हणून सुट्या भागांची यादी करण्यापूर्वी मित्राचा दिवस समजून घ्यावा. आमच्या मित्राचे उत्तर सरळ होते : दिवसातले आठ तास लेखन, ब्राउझरमध्ये वीसएक पाने उघडी, अधूनमधून पीडीएफ आणि छायाचित्रे, संध्याकाळी बारावीतल्या मुलीची ऑनलाइन व्याख्याने. खेळ नाहीत, चित्रफितींचे संकलन नाही.

या कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ज्याच्या पोटातच ग्राफिक्सची सोय आहे असा प्रोसेसर पुरतो. आम्ही एएमडीचा रायझन ५ ५६००जी निवडला. हा २०२१ मधला, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा प्रोसेसर आजही असल्या कामाला भरपूर आहे. येथे नावातल्या शेवटच्या अक्षराकडे नीट पाहावे. नुसत्या ‘५६००’ मध्ये ग्राफिक्सची सोय नाही. ‘जी’ असलेल्यात आहे. इंटेलच्या बाबतीत उलट ‘एफ’ हे अक्षर ही सोय नसल्याची खूण आहे. अक्षराच्या घोळाने चुकीचा प्रोसेसर घरी आणून काळ्या पडद्याकडे पाहत बसलेले लोक कमी नाहीत.

पैशाची वाटणी

सुट्या भागांचे भाव आठवड्यागणिक बदलतात, म्हणून रुपयांऐवजी प्रमाण सांगतो. आमच्या शंभर रुपयांतले साधारण तीस प्रोसेसरला गेले, तेरा मदरबोर्डला, वीस मेमरीला, बारा एसएसडीला, नऊ एसएमपीएसला, सात कॅबिनेटला आणि नऊ यूपीएसला.

मेमरीचा वाटा पूर्वी एवढा नसे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपच्या किमती जगभर भडकल्या आणि त्याची झळ घरगुती ग्राहकालाही लागली. तरीही १६ जीबी घ्यावीच, असा निर्णय आम्ही केला; आणि तीही ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत. प्रोसेसरमधील ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य मेमरीतूनच वाटा घेते. दोन पट्ट्या असल्या की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते आणि ग्राफिक्सचा वेग जाणवण्याइतका वाढतो.

एसएसडीत मात्र पैसे वाचले. दुकानदार चौथ्या पिढीची महागडी एसएसडी दाखवत होता. पण ५६००जी तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईपर्यंतच जातो. अधिकचा वेग विकत घेऊन वापरता आला नसता. तिसऱ्या पिढीची ५०० जीबीची साधी एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला तीन हजार एमबीच्या आसपास वाचते. जुनी हार्ड डिस्क शे-दोनशेवरच थांबते. ए५२० चिपसेटचा साधा मदरबोर्ड घेतला. ओव्हरक्लॉकिंग करायचे नसताना त्याची सोय असलेला बोर्ड घेणे हाही अपव्ययच.

जिथे वाचवू नये

एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर प्रवाहात करतो. संगणकाच्या प्रत्येक भागाला अन्न पुरवणारा हा एकच स्वयंपाकी आहे. तो बिघडला तर आजारी सगळेच पडतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज वाढल्यास किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तत्काळ तोडण्याची व्यवस्था असते. स्वस्त डब्यावर मोठे आकडे छापलेले असतात, आत ही व्यवस्था असेलच असे नाही.

आकड्यांनी भुलू नये. आमचा संपूर्ण संगणक भरात असतानाही दीडशे वॉटच्या आतच राहतो. त्याला ४५० वॉटचा प्रामाणिक एसएमपीएस पुष्कळ झाला. ‘८० प्लस’ हे चिन्ह ठरावीक भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता सांगते. सुरक्षेची हमी देत नाही. म्हणून चिन्हाबरोबर वॉरंटीची वर्षेही पाहावीत. जो उत्पादक पाच वर्षांची जबाबदारी घेतो, त्याने आत काहीतरी बरे घातलेले असते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो बहुधा घरातल्या अर्थिंगचा दोष असतो. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. मित्राच्या घरी नेमके हेच निघाले. यूपीएस आणण्यापूर्वी वायरमन बोलावला. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस वीज गेल्यावर काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. तेवढाच हवा असतो.

खरेदी आणि जोडणी

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना बुधवार पेठेतली तपकीर गल्ली नव्याने सांगायला नको. ऑनलाइन भाव आधी पाहून ठेवावेत, दोन-तीन दुकाने फिरावीत आणि प्रत्येक वस्तूचे जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर सिरियल क्रमांक लिहून घ्यावा. बिल मित्राच्याच नावे असावे. वॉरंटीसाठी उद्या त्यालाच जावे लागेल. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्यावा. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा स्वस्त पडतो, पण त्याबरोबर पंखा येत नाही आणि वॉरंटीही सहसा दुकानदाराचीच असते. मदरबोर्डाचे बायोस या प्रोसेसरला ओळखते का आणि त्यावर मित्राच्या मॉनिटरला चालणारे पोर्ट आहे का, हे दोन प्रश्न काउंटरवरच विचारावेत.

जोडणीला हौशी माणसाला दोन-तीन तास लागतात. लाकडी टेबलावर काम करावे आणि अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी कॅबिनेटच्या धातूला अधूनमधून स्पर्श करावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकले आहे असे समजावे, कारण या प्रोसेसरच्या पोटाला तेराशेहून अधिक नाजूक पिना आहेत. पंख्याचे स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जावेत. चार खाचा असतील तर मेमरीच्या दोन पट्ट्या सहसा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. मदरबोर्डाला २४ पिनांची मोठी वायर जोडली की झाले असे अनेकांना वाटते. प्रोसेसरसाठीची आठ पिनांची वेगळी वायर विसरू नये.

आम्ही बटण दाबले तेव्हा पंखे फिरले, पडदा मात्र काळाच राहिला. मित्राने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मला २०१० आठवले, हे मी त्याला सांगितले नाही. दोष मेमरीच्या एका पट्टीत होता. ती ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबली गेली नव्हती. बसवली, आणि उजेड पडला. विंडोजचा परवाना त्याने पूर्वी वेगळा विकत घेतलेला असल्याने तो नव्या यंत्रावर हलवता आला. तयार संगणकाबरोबर आलेला परवाना असा हलत नाही. ‘सगळं टाकून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराचे चोरीचे सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा लिनक्स आणि लिबरऑफिस केव्हाही बरे.

शेवटचे काम

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असे नाही. लेखनाच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, म्हणजे विजेचा धक्का किंवा व्हायरस दोन्ही प्रती एकदम नेणार नाही. मी निघण्यापूर्वी मित्राकडून ही कृती दोनदा करून घेतली आणि एक फाइल मुद्दाम पुसून प्रतीवरून परत आणायला लावली. परत आणून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच.

स्वस्त संगणक म्हणजे ज्यातला प्रत्येक भाग स्वस्त आहे असा संगणक नव्हे. ज्याच्यासाठी तो जोडायचा त्याला काय लागत नाही हे ओळखून तेथे हात आखडायचा आणि त्याचे काय जाता कामा नये हे ओळखून तेथे सढळ सोडायचा, एवढेच त्याचे तंत्र आहे. मित्राने वडिलांच्या आठवणी आता पुन्हा लिहायला घेतल्या आहेत, या वेळी स्वतःला आठवतात तशा. परवा त्याचा फोन आला होता. बावीस पाने झाली आहेत आणि तिन्ही प्रती जागेवर आहेत, असे त्याने न विचारता सांगितले.