पडद्यावरची बटणे आणि खिडकीपुढची रांग



आडसालीच्या नोंदीला गट ऑफिसात गेल्यावर कारकून संगणकाच्या पडद्यावर एवढा वेळ काय शोधतो, असा प्रश्न आपल्याला पडतो. पुष्कळदा तो बिचारा बटणच शोधत असतो. त्याच्यावर डाफरण्याआधी पडद्याची मांडणी बघावी, असे आमचे मत आहे. तोडणीचा नंबर लागणीच्या तारखेवर आणि जातीवर लागतो. यादीत ८६०३२ च्या ऐवजी शेजारचे २६५ दाबले गेले, तर त्याचा भुर्दंड रानातल्या उसाला.

हे दुखणे आपल्याकडचेच नाही. अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या वर्ड या लिखाणाच्या प्रोग्रामात सुरुवातीच्या काळी बटणांच्या दोनच पट्ट्या होत्या. दर आवृत्तीत कामे वाढली, तशा पट्ट्या वाढल्या; २००३ च्या आवृत्तीत त्या ३१ झाल्या! मधे ऑफिस २००० मध्ये कंपनीने एक शक्कल लढवली. जी कामे कमी लागतात ती मेनूतून आपोआप लपवायची. झाले उलटेच. काल दिसलेले नाव आज गायब. घरात रोज कुणी खुरप्याची जागा बदलली तर काय होईल, तसली ही गत.

मग त्यांनी शहाणपणाचे काम केले. राजी असलेल्या लोकांचा वापर मोजला. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचांवरच वर्डमधला सुमारे ३२ टक्के वापर निघाला. त्यावरून २००७ च्या आवृत्तीत जुने मेनू काढून कामाप्रमाणे गट पाडलेली रुंद पट्टी, म्हणजे रिबन, आली. जुने जाणते लोक वैतागले, आणि एका बाबतीत त्यांचे खरेच होते. छपाईचे काम एका गोल चिन्हाखाली गेले होते आणि त्यावर काही नाव नव्हते. २०१० मध्ये 'फाइल' हा शब्द परत आणावा लागला. नुसते चित्र सगळ्यांना उमगत नाही.

लिब्रेऑफिसवाल्यांनी २०१९ च्या आवृत्तीत दोन्ही मांडण्या ठेवल्या. ज्याला जी रुचेल ती त्याने घ्यावी.

आपल्याकडे लागण नोंद, वजन आणि बिल ही तीन कामे पहिल्याच पडद्यावर मोठ्या बटणांनी, मराठी नावांसह हवीत. जवळचे आणि मोठे लक्ष्य लवकर साधते, हे पॉल फिट्स यांनी १९५४ सालीच मांडून ठेवले आहे. 'नोंद रद्द' मात्र 'जतन करा'च्या शेजारी नको, लांब कोपऱ्यात असू द्या. आणि एकदा बसवलेले बटण वरचेवर हलवू नका.

आमची सूचना अशी : गट ऑफिसातल्या कारकुनांनी आठवडाभर कोणते बटण किती वेळा दाबले आणि कुठे अडले, याच्या रेघा वहीत ओढाव्यात. प्रोग्राम करणारा येईल तेव्हा ती वही त्याच्यापुढे ठेवावी, आणि नोंदीच्या दिवशी त्याला कारकुनाशेजारी खुर्ची द्यावी. चहा आम्ही पाठवू.