औद्योगिक सॉनिक हॉर्नमधील ध्वनिदाब पातळी : अर्थ आणि मर्यादा

प्रस्तावना : औष्णिक वीज केंद्रांतील बॉयलर व धूळसंकलक, तसेच सिमेंट कारखान्यांतील सायलो यांमध्ये राख आणि भुकटी साचत राहते. ती सैल करण्यासाठी सॉनिक हॉर्नचा उपयोग केला जातो. दाबाखालील हवेने त्यातील धातूचा पडदा कंप पावतो आणि निर्माण झालेला ध्वनी कर्ण्यातून आत सोडला जातो. दाबाच्या जलद चढउतारांमुळे कण परस्परांपासून सुटतात. कोरड्या थरांवर ही पद्धत परिणामकारक ठरते; चिकट वा वितळून घट्ट झालेल्या थरांवर तिचा फारसा उपयोग होत नाही.

डेसिबलचा अर्थ : ध्वनिदाब पातळी २० मायक्रोपास्कल या संदर्भदाबाच्या तुलनेत मोजली जाते. हे प्रमाण लघुगणकीय असल्याने ६ डेसिबलची वाढ म्हणजे दाब सुमारे दुप्पट, तर २० डेसिबलची वाढ म्हणजे दहापट होय. १४६ डेसिबल म्हणजे सुमारे ४०० पास्कल; वातावरणीय दाबाच्या तुलनेत तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

अंतर व वारंवारिता : अंतराचा उल्लेख नसलेला आकडा अपुरा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास पातळी ६ डेसिबलने घटते. बंदिस्त कक्षात परावर्तनामुळे हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय ए-भारित मापनात १२५ हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे १६ डेसिबल वजा होतात. म्हणून त्याच ध्वनीची नोंद १४६ किंवा १३० अशी दोन्ही प्रकारे होऊ शकते. भारांकन न पाहता दोन यंत्रांची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते.

कामगारांची सुरक्षितता : अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेने १९९८ मध्ये आठ तासांसाठी ८५ ए-भारित डेसिबलची मर्यादा सुचविली. पुढील प्रत्येक ३ डेसिबलला अनुज्ञेय वेळ निम्मा होतो. त्यानुसार ११० डेसिबलला केवळ दीड मिनिट उरते. दर दहा मिनिटांनी दहा सेकंद वाजणारा हॉर्न आठ तासांत एकूण आठ मिनिटे वाजतो. तपासणीचे दार उघडे राहून कामगाराच्या जागी ११० डेसिबल पातळी पोहोचत असेल, तर ही मर्यादा दीड तासातच संपते.

निष्कर्ष : यंत्रावरील आकडा त्याची स्वच्छता-क्षमता सुचवितो, कानावरील भार तो सांगत नाही. त्यासाठी कामगाराच्या प्रत्यक्ष जागी ए-भारित मापन आणि एकूण वाजण्याचा काळ, या दोहोंची नोंद आवश्यक आहे.