पीएसएच्या आधीचे दोन दिवस

जळगावहून अजिंठ्याची लेणी साठेक किलोमीटर. रविवारी पहाटे सायकलवर निघायचे, दुपारपर्यंत घरी परतायचे आणि सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे. साठीच्या आप्पांसाठी मुलाने घेतलेल्या तपासणीच्या पॅकेजमध्ये पीएसएही असते. रिपोर्टात आकडा येतो 4.2, शेजारी छापलेली मर्यादा 4. त्या रात्री घरात कुणाचा डोळा लागत नाही.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. रक्तात ते अगदी थोडे झिरपते. कॅन्सरमध्ये ही झिरप वाढते. पण ग्रंथी वयाने फुगली, तिला सूज आली किंवा दाब बसला तरीही वाढते. यंत्र प्रथिन मोजते, ते कशामुळे झिरपले हे आकड्यात उमटत नाही.

सायकलचे सीट नेमके प्रोस्टेटखालच्या भागावर दाबते. ऑस्ट्रेलियात पन्नाशीपुढच्या 129 पुरुषांचे रक्त 55 ते 160 किलोमीटरच्या सायकलफेरीआधी आणि लगेच नंतर तपासले गेले. 2013 साली निष्कर्ष छापून आला: पीएसए सरासरी साडेनऊ टक्के वाढले होते. म्हणजे 3.8 चे झाले 4.16! काही अभ्यासांत मात्र असा फरक दिसला नाही. तरी ब्रिटनमध्ये तपासणीआधी 48 तास जोराचा व्यायाम आणि वीर्यस्खलन टाळायला सांगतात. लघवीचा संसर्ग झाला असेल, तर बरे झाल्यावरही सहा आठवडे थांबायचे. लघवी तुंबून नळी घातली असेल, तरी आकडा चढतो.

रक्त घेताना आपल्याकडे "उपाशी आहात ना?" एवढेच विचारतात. पीएसएला उपाशीपोटाची गरजच नाही. विचारायला हवे ते कालच्या सायकलीबद्दल, लघवीच्या जळजळीबद्दल. हे प्रश्न चारचौघांत, सुनेसमोर नकोत. बाजूला घेऊन विचारावेत.

सायकलीने आकडा चढतो तो थोडाच. आकडा दहा-वीस आला, तर सायकलीवर ढकलून घरी बसू नये. आणि उलटी फसगत जास्त घातक. फुगलेल्या प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिने ते वर्षभर घेतली, की पीएसए साधारण निम्म्यावर येते. अशा माणसाचा 3 हा आकडा डॉक्टर 6 धरून वाचतात. म्हणून रिपोर्ट दाखवायला जाताना आप्पांच्या गोळ्यांची पाकिटेही सोबत न्यावीत.