पोटात काय आहे?

मोठ्या मॉडेल विमानाचा आकार आकाश ठरवत नाही, टेम्पो ठरवतो. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, कारण त्याला दिसतात ती फक्त हवेतली पाच-सात मिनिटं. इंडिगोच्या किंवा एअर इंडियाच्या रंगातलं विमान धावत सुटतं, चाकं पोटात ओढून घेतं, दोन-चार वळसे मारतं आणि पुन्हा चाकं काढून उतरतं. टाळ्या पडतात. मग दोरीपलीकडून ठरलेला प्रश्न येतो, "हे कितीले पडलं जी?" त्याचं खरं उत्तर आम्ही चारचौघांत देत नाही. घरची माणसंही गर्दीत उभी असतात.

बल्लारपुरातला आमचा कंपू चार-पाच जणांचा. कुणी पेपर मिलमधला, कुणी वेकोलिच्या कोळसा खाणीतला, एक मास्तर. नव्या विमानाचा कागद मांडण्याआधी आमच्यातला एक जण टेप घेऊन छोटा हत्ती टेम्पोचा हौदा मोजून येतो. दरवेळी तो सात फुटांच्या आसपासच भरतो, तरी मोजतो. एअरबस ए-३२० ची खरी लांबी ३७.५७ मीटर. अठरा पट लहान केली की दोन मीटर नऊ सेंटिमीटर उरते आणि धड हौद्यात अलगद बसतं. पंधरा पट लहान करायची हौस केली तर अडीच मीटर होतं, मागचं फळकं उघडं ठेवून लाल फडकं बांधावं लागतं, आणि राजुऱ्याच्या रस्त्यावर खड्डा आला की शेपटी आधी बोलते. पंख सुटे होतात, शेपटीचे आडवे तुकडेही सुटे होतात. धड मात्र मधोमध कापायचं म्हटलं की जोडाला प्लायवूडची कडी, बोल्ट, वायरींचे कनेक्टर असं सगळं आलं. शिवाय विमान दुप्पट लांब केलं की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन मात्र आठपटीकडे धावतं. म्हणजे ते उतरताना जास्त वेगात उतरणार, त्याला लांब पट्टा लागणार, तोही डांबरी, कारण प्रवासी विमानाची इवलीशी चाकं काळ्या मातीच्या भेगांत अडकतात.

युरोपात हौशी लोकांनी पंधरा पट लहान ए-३८० बनवलं आहे. पंखांचा पसारा पाच मीटरच्या वर, वजन सत्तर किलोच्या घरात, आणि आत चार खरीखुरी छोटी जेट इंजिनं. व्हिडिओ बघताना आमच्यातला मास्तर पहिला प्रश्न विचारतो तो हा की यांनी हे आणलं कशातून? आपल्याकडे ते मॉडेल म्हणून गणलंच जाणार नाही. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलची हद्द २५ किलोंची. आमचं कुठलंही विमान त्या हद्दीच्या जवळपास जात नाही. टेम्पोचं बंधन सरकारच्या बंधनाआधीच लागू होतं.

आमच्या कंपूचा आदर्श मॉडेलवाला नाही, खरं विमान बनवणारा आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान उभं केलं. २०१६ च्या फेब्रुवारीत बांद्रा-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह होता. तिथं न्यायचं म्हणून ते सुटं करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवलं. पुढे नोंदणीसाठी झालेली परवड आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळालेला व्हीटी-एनएमडी हा क्रमांक सगळ्या पेपरांत आला. ती कथा मोठीच आहे. पण आम्ही बघत बसलो तो क्रेनचा फोटो. गच्चीवर विमान बांधणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी ते खाली कसं उतरवायचं हे ठरवलं असेल की नाही, यावर आमच्याकडे अजून दोन तट आहेत.

खऱ्या विमानांचीही रस्त्यावर गाठ पडली की हीच गत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून आसामकडे ट्रेलरवरून निघालेलं एक भंगारातलं विमान बिहारमध्ये मोतिहारीजवळ पिपराकोठीच्या पुलाखाली अडकलं. दिल्ली विमानतळाजवळ एका पादचारी पुलाखाली २०२१ मध्ये तेच झालं होतं. हे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर सणासुदीच्या शुभेच्छांपेक्षा जास्त फिरले.

पॅकिंगचा प्रश्न आमच्यापुरता सोडवला तो एका बुरडाने. आधी आम्ही आतून थर्माकोल लावलेले पुठ्ठ्याचे खोके करत होतो, पावसाळ्यात पुठ्ठा भिजून ते बसायचे. लाकडी पेटी केली तर ती उचलायलाच दोन माणसं. चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूला तोटा नाही आणि बांबू विणणाऱ्या हातांनाही नाही. बुरडाने पंख जमिनीवर ठेवायला सांगितला, वितीने मोजला आणि विचारलं, "याले दाब कोठं सोसते, कोठं नाही सोसत?" इतका नेमका प्रश्न आम्हाला कुणी इंजिनिअरनेही विचारला नव्हता. त्याने लांबोळकी, झाकणाची टोपली विणून दिली. पंखाच्या पुढच्या कडेला वीण सैल, बुडाला घट्ट. आत जुनी गोधडी. टोपली दबते, पण मोडत नाही.

तिचा एकच तोटा. गोंदिया-बल्लारशा पॅसेंजरमध्ये ती वरच्या बाकावर चढवली की खालचे लोक माना वर करून बघतात. एका काकांनी मूलपर्यंत धीर धरला आणि मग हळूच विचारलं, "कोंबडे कुठच्या बाजाराले नेता?" झुंजीच्या कोंबडबाजारावर पोलिसांचे छापे पडतात, त्यामुळे आवाज खाली होता. विमान आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. आम्ही खोटं बोलतोय, अशीच त्यांची समजूत झाली असावी. बल्लारशाच्या, म्हणजे आमच्याच गावच्या, फलाटावर मात्र उलटं होतं. भिंतींवर ताडोबाचे वाघ रंगवलेत, २०१८ मध्ये रेल्वेच्या स्पर्धेत चंद्रपूरसोबत या स्टेशनला पहिलं पारितोषिक मिळालं ते याच चित्रांसाठी. तिथं टोपली उघडायचा अवकाश, की लोक पंख वाघासमोर धरून फोटो काढायला लागतात.

आता नाक्याची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, ती उठवायचा निर्णय २०२१ मध्ये झाला. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. म्हणजे त्या वर्षांत नागपूरहून बल्लारपूरला यायचं तर नागपूर जिल्हा सोडल्यापासून घरापर्यंत कोरडा मुलूख, आणि वाटेत नाके. आमच्या टेम्पोत दोन मीटर लांबीचं, दोन्ही टोकांनी बंद, पांढरं पोकळ नळकांडं.

एका नाक्यावर शिपायाने बोटाने टकटक केली. "पोटात काय आहे?"

"काही नाही साहेब, रिकामं आहे."

"रिकामं कायले नेता मग?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्याने हात पसरून लांबी मोजली आणि बाजूच्याला म्हणाला, "आडवे लावले तं शंभर पव्वे जातीन आरामात." आमच्यातल्या वेकोलिवाल्याने हिशेब दुरुस्त केला, मधे पंखाची नळी जाते, ऐंशीच्या वर नाही बसणार. तो बोलला आणि आम्ही सगळे गप्प झालो. झाकण उघडायला सांगितलं. आत पव्वे नव्हते. होत्या लाल-काळ्या वायरी, निळी बॅटरी आणि लुकलुकणारा एक दिवा. शेजारी नक्षलग्रस्त गडचिरोली असताना नाक्यावरच्या माणसाला वायरी दाखवणं हे दारू दाखवण्याहून वाईट. दोघेही चार पावलं मागे सरले. शेवटी मास्तरांनी रिमोट मागून घेतला आणि शेपटी डावी-उजवी हलवून दाखवली. शिपाई हसला. मग त्याने ती स्वतः हलवली. मग साहेबांना बोलावून हलवली. तेव्हापासून टेम्पोत शेपटी सगळ्यांत वर आणि रिमोट ड्रायव्हरच्या मांडीशी ठेवायचा, हा आमचा नियम झाला.

लाकडाच्या नाक्यावर त्रास वेगळा. बल्लारपूरचा सागवान डेपो देशभर माहीत आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथूनच सागवान वाजतगाजत गेलं, नव्या संसद भवनातही इथलं सागवान आहे. अशा गावात आम्ही विमानासाठी लाकूड मागवतो ते दक्षिण अमेरिकेतलं, इक्वेडोरकडचं बाल्सा. कारण सरळ आहे. सागवानाच्या एका घनमीटरचं वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, तर हलक्या बाल्साचं दीडशे. इथल्या माणसाला लाकूड म्हटलं की टीपी आठवते, वाहतुकीचा पास. "टीपी दाखवा," एका वनरक्षकाने सांगितलं. आम्ही फळ्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. ज्या माणसाने आयुष्यभर सागाचे लठ्ठे पाहिले, त्याने तो गठ्ठा जोर लावून उचलला आणि स्वतःच मागे गेला. "हे लाकूड नाही," म्हणाला आणि सोडून दिलं. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, त्याचा निर्णय आम्हाला मान्य आहे.

विमान विकत घेणं किंवा बांधणं हा अर्धा खर्च, रंगवणं हा उरलेला अर्धा वाद. बाजारात फोमची तयार प्रवासी विमानं मिळतात. फ्रीविंगचं एएल-३७ हे त्यातलं नावाजलेलं, पंखांचा पसारा १.८३ मीटर, विजेवर फिरणारे दोन पंखे. पण ते कोऱ्या रंगात उडवायला कुणालाच आवडत नाही. आम्हाला एअर इंडियाचं जुनं जंबो हवं होतं, १९७१ मध्ये 'एम्परर अशोक' आलं तसं, प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोक्याची महिरप असलेलं. एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाचं शेवटचं जंबो मुंबईतून कायमचं निघून गेलं, तेव्हा तर ही मागणी भावनिक झाली. सत्तर मीटरचं ७४७ हौद्यात बसवायला पस्तीस पट लहान करावं लागतं, म्हणजे झरोका नखाएवढा. त्या शेकडो महिरपी ब्रशने रंगवणार कोण? काम गेलं रेडियमवाल्याकडे. मोटारसायकलींवर 'आईचा आशीर्वाद' कापून देणाऱ्या त्याच्या मशीनने झरोके सुंदर कापले. वर त्याने आपणहून शेपटीखाली बारीक अक्षरांत 'पुन्हा भेटू' लावून दिलं, फुकट. आम्ही ते काढलं नाही.

इंडिगोचा रंग सोपा वाटतो, पण इथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गडद निळी शेपटी उन्हात अर्धा तास उभी राहिली की खालच्या फोमला फोड येतात. म्हणून उन्हाळ्यात बल्लारपूरला फक्त पांढऱ्या विमान कंपन्या चालतात. बॅटऱ्यांचंही तेच. लिथियम पॉलिमरच्या बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवल्या तर उकाड्यात फुगतात, म्हणून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून मातीच्या माठात ठेवायचा, आग लागलीच तर आतल्या आत राहावी म्हणून. मास्तरांच्या घरी दोन माठ शेजारी होते. पाहुण्यांनी एकदा नको त्या माठावरचं झाकण काढून पेला आत घातला. आता एका माठावर लाल खडूने 'वीज' लिहिलेलं आहे.

शेपटीवरच्या रंगाची खरी भीती वजनाची. शेपटी गुरुत्वमध्यापासून जवळपास मीटरभर मागे, तोल सावरायला पुढे जागा अर्धा मीटर. मागे ५० ग्रॅम चढले की नाकात १०० ग्रॅम शिसं भरावं लागतं, एकूण दीडशे ग्रॅम फुकट. हे आम्ही एका २६ जानेवारीच्या कार्यक्रमाच्या प्रायोजकांना समजावत होतो. त्यांना शेपटीच्या दोन्ही बाजूंना स्वतःचा हात जोडलेला फोटो हवा होता, तोही जाड फ्लेक्सवर. गुरुत्वमध्य, तोल, शिसं, काहीही त्यांच्या गळी उतरेना. मास्तर म्हणाले, "साहेब, विमान वर गेल्यावर लोकांना शेपटी दिसते की पोट?" साहेबांनी विचार केला आणि फोटो पोटाखाली, बरोबर गुरुत्वमध्यावर लागला. एक ग्रॅमही शिसं लागलं नाही. साहेब खूश, आम्ही त्यांच्याहून खूश.

पुढच्या वर्षी त्यांच्यासोबत त्यांचे विरोधकही वर्गणी घेऊन आले. पोट एकच. शेवटी एकाला डाव्या पंखाखाली जागा दिली, दुसऱ्याला उजव्या, आणि दोघांचे स्टिकर सोनाराकडच्या काट्यावर तोलून घेतले. एकाचा दोन ग्रॅम जड भरला. त्याची कड कापावी लागली, आणि कापताना पक्षाच्या नावातली शेवटची दोन अक्षरं गेली. त्या पुढाऱ्यांनी कार्यक्रम संपेपर्यंत मान वर करून विमान पाहिलं, टाळ्याही वाजवल्या. अक्षरं गेल्याचं त्यांच्या कार्यकर्त्याने फोटो मोठा करून पाहिल्यावर संध्याकाळी कळलं, आणि रात्री आमच्या वेकोलिवाल्याचा फोन वाजायला लागला.