नव्वद सेकंदांचं दशक

एप्रिल 2023 मध्ये लिनक्सची फेडोरा 38 आली आणि मशीन बंद होताना अडून बसलेल्या सर्व्हिसची वाट 90 ऐवजी 45 सेकंद पाहू लागली. मूळ प्रस्ताव 15 सेकंदांचा होता. घासाघीस होऊन 45 वर तडजोड झाली, आणि तेवढ्यासाठीही बारा वर्षं जावी लागली, हे मला अजून सलतं.

त्याआधीचं थोडक्यात. लिनक्समध्ये मशीन चालू-बंद करणारं जुनं इनिट सगळ्या प्रोसेसना आवरायचा सिग्नल देई, काही सेकंद थांबे आणि उरलेल्यांना सरळ मारून टाके. विंडोज एक्सपीत सर्व्हिसना 20 सेकंद मिळत. विंडोज 7 मध्ये ते 12 झाले, विंडोज 8 मध्ये 5. म्हणजे तिकडे आकडा उतरत होता.

आमच्याकडे तो चढला. मे 2011 मध्ये फेडोरा 15 सोबत त्या इनिटच्या जागी सिस्टमडी आलं, 2015 मध्ये डेबियन आणि उबुंटूनेही ते घेतलं. ते दशक मी मशीन सांभाळण्यात घालवलं. संध्याकाळी लॅब बंद करायला जावं, तर काळ्या पडद्यावर लाल चांदण्या डावी-उजवीकडे सरकतायत आणि शेजारी ‘1 मिनिट 30 सेकंद’. कित्येकदा कारण एवढंच असे, की नेटवर्क आधी बंद झालेलं आणि एनएफएसचं, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फोल्डरचं, माउंट आता न सापडणाऱ्या सर्व्हरच्या उत्तरासाठी खोळंबलेलं. तिथे 90 सेकंदांनी काय साधणार होतं? यूजर सेशनला तर 120 दिलेले.

डेटा वाचवायला वेळ हवा, हे समर्थन तेव्हाही ऐकलं. पण डेटाबेसला जास्त वेळ लागत असेल, तर सिस्टमडीच्या त्याच्यापुरत्या सेटिंगमध्ये, म्हणजे युनिट फाइलमध्ये, टाइमआउट वाढवायची सोय होतीच. अपवादासाठी सगळ्यांना का ताटकळत ठेवलं? परिणाम उलटाच झाला. कंटाळलेली माणसं पॉवरचं बटण दाबून धरायची आणि जो डेटा वाचवायचा, त्याच्यावरच गदा यायची. जाणकारांनी इन्स्टॉल केल्याबरोबर सिस्टमडीच्या सिस्टम डॉट कॉन्फमध्ये 10 सेकंद लिहून टाकायची सवय लावून घेतली. सर्व्हिस मुळात का अडते, हे शोधायची निकड त्यामुळे गेली. कितीतरी बग तसेच मुरले.

मूळ सिस्टमडीत अजून 90 च आहेत. फेडोराचे 45 हा त्यांचा स्वतःचा बदल. ज्या डिस्ट्रोने तो केलेला नाही, तिथे आजही ती ओळ मीच बदलतो, प्रत्येक मशीनवर.