कोलाडची सहल : मौज विकत घेताना माल तपासून घ्या

हल्ली बाजारात एक नवा रिवाज रुजला आहे. पूर्वी दुकानातले गुमास्ते, कारखान्यातले कारागीर आणि शेजारचे व्यापारी मिळून वर्षातून एखादी सहल काढत. ती माथेरानला किंवा एखाद्या समुद्रकिनारी जाई, बिर्याणीची देग सोबत असे आणि रात्री सगळे सुखरूप घरी. आताच्या पोरांची फर्माईश वेगळी आहे. त्यांना हवा भरलेल्या रबरी बोटीत बसून नदीच्या उसळत्या पाण्यातून जायचे असते. याला राफ्टिंग म्हणतात. मुंबई, भिवंडी, पनवेल, पुणे इकडच्या माणसाला त्यासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोलाड. मुंबईहून ते सुमारे १२० किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. म्हसळा, श्रीवर्धन, महाडकडे जाणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना हे नाव चांगले परिचयाचे आहे. मालमोटारवाल्यांनाही ते ठाऊक आहे, कारण कोकण रेल्वेने १९९९ मध्ये भरलेले ट्रक रेल्वेवरून नेण्याची सेवा सुरू केली ती कोलाडहूनच.

अशी सहल काढणारा बहुधा शेटच असतो. पैसे तो देतो, गाडी तो ठरवतो, म्हणून वीस-पंचवीस जिवांची जबाबदारीही त्याच्याच खांद्यावर येते. आपण कापडाचा तागा घेतो तेव्हा तो उजेडात धरून पाहतो, ताणून पाहतो, शंका आली तर सूत जाळून वास घेतो. सहल मात्र फोनवर भाव विचारून ठरवून मोकळे होतो. वास्तविक या सहलीत आपण जी मौज विकत घेतो ती चार गोष्टींवर उभी असते : नदीचे पाणी, बोट, अंगावरचे जॅकेट आणि बोट चालवणारा माणूस. या चारही गोष्टी पारखता येतात, आणि त्यातल्या निम्म्या तर कापड-शिवणकामाच्याच आहेत.

नदी सकाळीच का भरते?

कोलाडची नदी कुंडलिका. ती सह्याद्रीतून निघून कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, मग या नदीत एप्रिल-मे महिन्यात बोट कशी चालते? याचे उत्तर वीजघरात आहे. घाटावर मुळा नदीवर मुळशी धरण आहे. हे पाणी खरे तर पूर्वेला भीमेकडे जाणारे. टाटांनी ते बोगद्यातून व नळांतून जवळपास ५०० मीटर खाली, कोकणात भिरा येथे सोडून वीज काढली. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या कापड गिरण्यांचे माग या विजेवर फिरले, हे आपल्या धंद्यातल्या माणसाने विसरू नये. आणि या धरणाखाली ज्यांची शेती बुडाली त्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता, हेही लक्षात असू द्यावे.

भिऱ्याहून सुटलेले पाणी पुढे रवाळजे येथे पुन्हा अडवून त्यापासूनही वीज काढतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. म्हणून राफ्टिंगची वेळ शेट ठरवत नाही, सहल कंपनीही ठरवत नाही. ती पाणी सोडण्यावर ठरते. बहुधा सकाळी पाणी सुटते. त्या पाण्यावर बोटी सुमारे १२ किलोमीटर जातात आणि पाणी उतरले की नदीत नुसते दगड दिसतात. दुकान उघडण्या-मिटण्याच्या वेळा असतात, तशाच या नदीच्याही आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सकाळी उशिरा पोहोचलात तर नदी तुमच्यासाठी थांबणार नाही. महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, त्यामुळे त्या रस्त्यावर वेळेचा भरवसा कधी धरू नये. आदल्या रात्री मुक्कामाला जाणे बरे. दुसरी, एखाद्या दिवशी पाणी सुटलेच नाही तर पैसे परत मिळणार की दुसरी तारीख मिळणार, हे पावती घेण्याआधी लिहून घ्यावे. आणि मुसळधार पावसात वरून पाणी, डोंगरातून पाणी असे चोहीकडून येते. अशा दिवशी बोट काढू नका, मालक तयार असला तरी.

नदीच्या अवघडपणाचे १ ते ६ असे जागतिक दर्जे आहेत. पहिला म्हणजे शांत वाहते पाणी, सहावा म्हणजे जिथे उस्तादही सहसा जात नाही. कुंडलिकेचा दर्जा साधारण २ ते ३ आहे. म्हणजे पोहता न येणाऱ्यालाही नेता येते, पण सामान चोख आणि माणूस जाणकार असेल तरच.

बोटीचा हिशेब

एका बोटीत साधारण सहा ते आठ जण आणि एक गाईड असतो. पंचवीस माणसांना चार बोटी लागतात. तीन बोटींत कोंबून भाव कमी करणारा भेटला तर तो तुमचे पैसे वाचवत नाही, तुमच्या माणसांचा घास करतो. मार्गावर निदान एक सुटा माणूस छोट्या होडीतून, म्हणजे कयाकमधून, बुडालेल्याला उचलण्यासाठी सोबत असावा.

बोटीचे कापडही पाहण्यासारखे असते. आतला पोत नायलॉन किंवा पॉलिस्टरचा आणि त्यावर रबराचा किंवा पीव्हीसीचा लेप. हायपालोन नावाचा लेप त्यात नामांकित होता; ड्युपाँ कंपनीने तो बनवणे २०१० च्या सुमारास बंद केले, पण त्याच जातीचा माल इतर कारखाने करतात. बोटीत हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तारतात. लेप उडून आतले सूत दिसू लागले असेल, जोडावर पट्टी सुटत असेल, तर ती बोट बदलून मागावी.

जॅकेट हेही शिवलेले कापडच

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे जॅकेट. माणसाचे बहुतेक वजन पाणीच पेलते. डोके वर राहण्यासाठी मोठ्या माणसाला साधारण तीन ते पाच किलोचाच आधार कमी पडतो. तेवढे काम जॅकेटातला फोम करतो. ५० न्यूटन असे लिहिलेले असेल तर तो सुमारे पाच किलोचा आधार, १०० न्यूटन म्हणजे दहा किलोचा. पोहता न येणाऱ्याला जास्तीचा आधार मागून घ्यावा.

गेल्या वर्षी आमच्या बाजारातली तेवीस माणसे कोलाडला गेली तेव्हा जॅकेटे वाटायच्या आधी ती मी चटईवर पसरायला लावली. तीन जॅकेटांचे खांद्याचे पट्टे उन्हाने विटून पांढरे पडले होते आणि एकाची बकलाजवळची शिवण उसवलेली होती. मालकाने हुज्जत न घालता चारही बदलून दिली. वाद करावा लागला नाही, कारण बोलणे मालावर होते, माणसावर नव्हते.

उन्हाने रंग उडतो तेव्हा धाग्याची ताकदही उडालेली असते, आणि नायलॉनला हा रोग जास्त. म्हणून विटलेला पट्टा म्हणजे कमजोर पट्टा समजावा. जिथे ताण येतो तिथे, खांद्यावर आणि बकलाजवळ, आडवी घट्ट टीप म्हणजे बारटॅक असलीच पाहिजे. दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा हवा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. फोम दाबून पाहा. तो परत वर आला नाही, किंवा भुगा झाल्यासारखा लागला, तर ते जॅकेट नको.

जॅकेट घातल्यावर एक सोपी परीक्षा आहे. सगळी बकले लावून दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर पाण्यात ते माणसाला सोडून एकटेच वर येईल. पट्टे आवळून घ्यावे किंवा लहान माप मागावे. डोक्याला हेल्मेट हवेच, कारण खाली दगड आहेत.

बुडत्याला फेकायची दोरी पॉलिप्रॉपिलीनची असते, याचे कारण सूतवाल्यांना पटकन कळेल. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणून तरंगते. नायलॉन आणि पॉलिस्टर जड, म्हणून बुडतात. बुडालेली दोरी कुणाच्या हाती लागणार? गाईडजवळ तरंगती दोरी पिशवीत तयार आहे का, एवढे विचारले तरी तो समजतो की समोरचा गिऱ्हाईक जाणकार आहे.

अंगावर काय घालावे

जीन्स घालून कुणी बोटीत बसू नये. सूत पाणी पिते, जड होते आणि अंग गार करते. पॉलिस्टरचा कुर्ता किंवा टी-शर्ट आणि नाडीची पँट बरी. ओढणी, दुपट्टा, साडीचा पदर, सैल बुरखा हे सगळे पाण्यात आणि वल्ह्यात अडकते. आपल्या घरच्या बायकामुलींसाठी पूर्ण बाह्यांचा, पायापर्यंतचा, अंगाबरोबर राहणारा लायक्रा मिश्रित पॉलिस्टरचा पोहण्याचा पोशाख मिळतो. त्याने पर्दाही राहतो आणि जीवही.

पाण्यात पडलेच तर उभे राहू नये. पाय दगडांत अडकला की वरचे पाणी माणसाला लोटून खाली दाबते. पाय पुढे, पाठीवर तरंगत जावे. हृदयविकार, फिट येणे, गरोदरपण असलेल्यांनी बोटीत बसू नये. लहान मुलांचे वय लपवून त्यांना बसवू नये.

कागद आणि पैसा

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार असा धंदा करणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद पाहा, गाईडचे प्रशिक्षण विचारा, पक्के बिल घ्या. मध्ये दलाल असेल तर बोट प्रत्यक्ष कोणाची, ते नाव बिलावर हवे. बोटीत बसण्यापूर्वी ‘जोखीम आमची’ अशा कागदावर सही घेतात. ती सही केल्याने हलगर्जीबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा हक्क संपत नाही, पण गेलेला जीवही आयोग परत देत नाही. आणखी एक : बऱ्याच अपघात विमा पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. कामगारांना नेण्याआधी आपल्या एजंटाला विचारून घ्यावे.

शनिवार-रविवारी कोलाडला गर्दी फार. एक तुकडी उतरली की तीच ओली जॅकेटे दुसऱ्या तुकडीच्या अंगावर चढतात आणि तपासायला कुणाला फुरसत नसते. आपल्यापैकी अनेकांचे माग आणि दुकाने शुक्रवारी बंद असतात. गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी बोट आणि जुम्याच्या नमाजाला रोहा किंवा पनवेल, असे जमते का ते पाहावे. गर्दी कमी, भावात घासाघीस करायला जागा आणि गाईडही निवांत.

कारागिरांसाठी दोन शब्द

या धंद्यात शिवणकामाला जागा आहे. जॅकेटचे पट्टे बदलणे, पाण्यात न भिजणाऱ्या पिशव्या, दोरीच्या पिशव्या, बायकांचे पोहण्याचे पोशाख ही कामे आपल्या मशीनवर होऊ शकतात. बोटमालक पावसाआधी दुरुस्ती काढतात, त्यांना भेटावे. पण एक अट पक्की ठेवावी. दुरुस्त केलेले जॅकेट पाण्याच्या पिंपात वजन बांधून तरंगवल्याशिवाय परत द्यायचे नाही. सदऱ्याची शिवण उसवली तर गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतो. जॅकेटची उसवली तर तक्रार घेऊन यायला तो उरतोच असे नाही.

मुलांना कोलाडला जरूर न्या. नदी सुंदर आहे आणि मेहनतीच्या माणसाला एक दिवसाची मोकळीक हक्काची आहे. फक्त बोटीजवळ पोहोचल्यावर फोटो काढण्याआधी दहा मिनिटे जॅकेटे चटईवर पसरा. तागा तपासणाऱ्या हाताला एवढे काम जड नाही.