एका गुणाचा भाव

अमेरिकेतल्या एखाद्या नामांकित लॉ स्कूलने कुणाची पूर्ण फी माफ केली की ती बातमी आपल्यापर्यंत पोचते ती 'हुशारीचे चीज झाले' या थाटात. हुशारी असते, यात वाद नाही. पण चीज करणाऱ्याचा हिशेब काय असतो, हे सहसा कोणी विचारत नाही. वरच्या फळीतल्या खासगी लॉ स्कूलची फी आता वर्षाला सत्तर-ऐंशी हजार डॉलरच्या घरात गेली आहे आणि 'जे.डी.' ही कायद्याची पदवी तीन वर्षांची असते. म्हणजे एका विद्यार्थ्यामागे सव्वादोन लाखांच्या आसपास डॉलरवर पाणी सोडायचे. एवढी रक्कम कोणतीही संस्था निव्वळ कौतुकापोटी सोडत नाही. गुणवत्तेची शिष्यवृत्ती म्हणून तिथे जी दिली जाते, ती बहुतेक वेळा एक खरेदी असते. लॉ स्कूलला एक आकडा हवा असतो, तो विद्यार्थ्याजवळ असतो आणि फीमाफी ही त्या आकड्याची किंमत असते. हे एकदा ध्यानात आले की अर्ज कुठे करावा, पत्रातले कोणते कलम दोनदा वाचावे आणि घासाघीस कधी करावी, हे सगळे प्रश्न वेगळे दिसू लागतात.

हा आकडा म्हणजे एलसॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण. किमान १२०, कमाल १८०. कायद्याची माहिती त्यात विचारत नाहीत. युक्तिवादातला दोष शोधणे, दाट उतारा वाचून त्याचा अर्थ लावणे, असे प्रश्न असतात. यू. एस. न्यूज या प्रकाशनाच्या वार्षिक क्रमवारीत अनेक वर्षांपासून प्रत्येक लॉ स्कूलच्या नव्या वर्गाचा एलसॅटचा मध्यक धरला जातो. मध्यक म्हणजे सगळे विद्यार्थी गुणांच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधोमध येणाऱ्याचे गुण. सरासरीपेक्षा त्याची चाल निराळी असते, आणि शिष्यवृत्तीचे सगळे राजकारण त्या चालीत आहे. समजा एका लॉ स्कूलचा मध्यक १६९ आहे आणि तिला तो १७० वर न्यायचा आहे. तर १७० गुणांचा प्रत्येक उमेदवार तिच्यासाठी मोलाचा. १७६ वाला त्याहून हुशार असेल, पण मध्यक हलवण्याच्या कामी दोघांचे वजन सारखेच. उलट बाजूला १६८ आणि १५८ हेही सारखेच, दोघेही रेषेखालचे. त्यामुळे एका गुणाच्या फरकाने एकीला पूर्ण फीमाफी आणि दुसऱ्याला शून्य, असे होऊ शकते. त्यात दोघांच्या बुद्धीतले अंतर शोधायला जाणे व्यर्थ आहे. प्रवेश समितीला हवी असते ती रेषेच्या वरच्या बाजूची गर्दी.

इथे कोणी म्हणेल की क्रमवारीचा हा जाच आता सैल झाला आहे. ते अर्धे खरे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये येलने या क्रमवारीला माहिती पुरवणे थांबवल्याचे जाहीर केले, पाठोपाठ हार्वर्ड आणि इतर अनेकांनी तेच केले. त्यानंतर २०२३ च्या क्रमवारीत एलसॅट आणि पदवीच्या गुणांचे वजन निम्म्याच्याही खाली आणून वकिलीच्या परीक्षेतले यश आणि नोकऱ्या यांना अधिक महत्त्व दिले गेले. पण मध्यकाची ओढ कमी झालेली दिसत नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला तो आकडा दरवर्षी जाहीर करावा लागतो. अर्जदार तो पाहतात, माजी विद्यार्थी पाहतात, शेजारच्या लॉ स्कूलचे डीनही पाहतात. प्रतिष्ठा मोजण्याचे तेवढे सोपे माप दुसरे नाही.

या व्यवहाराचे सर्वांत उघड उदाहरण कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनचे आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठाने २००९ मध्ये नवे लॉ स्कूल उघडले. नाव नाही, माजी विद्यार्थी नाहीत, बार असोसिएशनची मान्यताही अजून यायची. संस्थापक डीन अर्विन केमरिन्स्की यांनी पहिल्या तुकडीतल्या साठेक विद्यार्थ्यांना, सगळ्यांनाच, तिन्ही वर्षे पूर्ण फी माफ केली. दुसऱ्या तुकडीला निम्मी, तिसरीला एक तृतीयांश. नाव झाले तसतशी सवलत उतरत गेली. यात लबाडी काहीच नव्हती. नव्या संस्थेला चांगले विद्यार्थी हवे होते, तिने त्यांची किंमत मोजली, आणि पहिल्या क्रमवारीतच ती देशातल्या पहिल्या तिसांत जाऊन बसली. दुसऱ्या टोकाला येल, हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड. गुणांवर फीमाफी द्यायची नाही, फक्त घरची परिस्थिती पाहून मदत करायची, ही त्यांची जुनी रीत. त्यांचे औदार्य वेगळ्या जातीचे आहे असे नाही. ज्यांच्या दारात सगळे आपणहून येतात त्यांना मध्यक विकत घ्यावा लागत नाही.

मग ही किंमत येते कुठून? काही ठिकाणी देणगीतून. शिकागोची रूबेनस्टाइन शिष्यवृत्ती उद्योगपती डेव्हिड रूबेनस्टाइन यांच्या देणगीवर चालते. पण ज्या संस्थांच्या गंगाजळीत फारसे काही नाही त्या ही सवलत फीच्याच पैशातून देतात, म्हणजे पूर्ण फी भरणारा शेजारच्या बाकावरच्याची फीही भरत असतो. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक ब्रायन टामानाहा यांनी २०१२ मध्ये 'फेलिंग लॉ स्कूल्स' या पुस्तकात हे स्पष्ट मांडले. कमी गुणांचे विद्यार्थी पूर्ण फी भरतात. पुढे मोठ्या पगाराच्या नोकऱ्या मिळण्याचा संभवही त्यांचाच कमी. आणि ज्यांना त्या मिळणार आहेत त्यांचा खर्च हे उचलतात. पैसा खालून वर वाहतो. लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांची दरवर्षी पाहणी करणाऱ्या एलएसएसएसई या प्रकल्पाच्या २०१६ च्या अहवालातही उच्चशिक्षित घरांतल्या मुलांकडे गुणांवरच्या शिष्यवृत्त्या अधिक जाताना दिसल्या. त्यात नवल नाही. एलसॅटची फीच दोनशे डॉलरहून जास्त, शिकवणीचा खर्च वेगळा, आणि पुन्हा पुन्हा परीक्षा दिली तर लॉ स्कूल सर्वांत वरचे गुण मोजते. नोकरी सांभाळून एकदाच परीक्षेला बसणारा आणि तिसऱ्यांदा सहा महिने घरी बसून तयारी करणारा, दोघांचे गुण एकाच रकान्यात पडतात.

यावर वजनदार आक्षेप असा की गुणांना अर्थच नाही का? आहे. एलसॅटचे गुण पहिल्या वर्षाच्या निकालाचा बऱ्यापैकी अंदाज देतात, आणि चांगले गुण मिळवायला मेहनत लागते. शिवाय सधन घरचा नसलेला, पण परीक्षेत चमकलेला मुलगा या सवलतीमुळेच कर्जाशिवाय वकील होतो. सगळे पैसे गरजेवर वाटायचे ठरवले तर गरिबीच्या रेषेवर न बसणारा मध्यमवर्ग मधल्या मधे लटकतो. हा मुद्दा मला मान्य आहे. त्यामुळे ही पद्धत मोडीत काढा, असे मी म्हणत नाही. मिळालेली फीमाफी नाकारावी असे तर मुळीच नाही. माझा रोख आहे तो 'बक्षीस' या समजुतीवर. बक्षीस घेताना माणूस अटी वाचत नाही, परतफेड विचारत नाही, आणि दुसरीकडून जास्त मिळेल का हे पाहायला लाजतो. विक्रेत्याला या तिन्ही गोष्टी कराव्याच लागतात.

अटींचेच घ्या. अनेक लॉ स्कूल फीमाफी देताना पत्रात एक ओळ घालत: पहिल्या वर्षाअखेर श्रेणीगुणांची सरासरी ३.० राहिली तरच सवलत पुढे चालू. पदवीला साडेतीनच्या वर सरासरी काढलेल्या मुलाला यात काहीच वाटत नाही. पण लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी श्रेण्या ठरावीक प्रमाणातच वाटायच्या असतात. सगळ्यांचे पेपर उत्तम असले तरी ठरल्या हिश्श्याला ३.० च्या खाली जावेच लागते. वर्गातल्या निम्म्यांना अटीची शिष्यवृत्ती दिली आणि ३.० च्या वर फक्त एक तृतीयांशच बसू शकत असतील, तर काहींची शिष्यवृत्ती जाणार हे प्रवेशाच्या दिवशीच ठरलेले असते. न्यू यॉर्क टाइम्सने २०११ मध्ये यावर मोठा लेख छापला, बराच गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी बार असोसिएशनने नियम बदलला. आता प्रत्येक लॉ स्कूलला '५०९' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तक्त्यात आकडे द्यावे लागतात: किती जणांना अटीची शिष्यवृत्ती दिली, त्यातल्या किती जणांची कमी झाली किंवा गेली. याच तक्त्यात निम्म्याहून कमी फीमाफी, निम्मी ते पूर्ण, पूर्ण आणि पूर्णपेक्षा जास्त असे वेगवेगळे रकाने असतात. पत्र हातात आल्यावर तो तक्ता शेजारी ठेवून वाचला तर पुष्कळ कळते. पत्रात फक्त 'समाधानकारक शैक्षणिक प्रगती' एवढेच मागितले असेल, म्हणजे लॉ स्कूलमध्ये टिकून राहायला जेवढे लागते तेवढेच, तर नियमाच्या भाषेत ती अट धरलीच जात नाही. अशी शिष्यवृत्ती भरवशाची. आणि 'पूर्ण' म्हणजे बहुधा फीपुरती पूर्ण. न्यू यॉर्कमध्ये घरभाडे, जेवण, विमा यांचे वर्षाचे पंचवीस-तीस हजार डॉलर वेगळे उभे करावे लागतात.

अट असणे हा मात्र दोष नव्हे. देणाऱ्याने काय हवे ते तोंडावर सांगितले असेल तर व्यवहार स्वच्छ होतो. मराठी वाचकाला याची दोन उदाहरणे ठाऊक आहेत. १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर कायदा शिकायला लंडनच्या ग्रेज इनला गेले ते 'शिवाजी शिष्यवृत्ती'वर, टिळकांच्या शिफारशीने. ती शामजी कृष्णवर्मांच्या योजनेतली होती आणि इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही हे त्या योजनेचे सूत्र होते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षांसाठी दिले, आणि बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार करून घेतला. कोलंबियात आंबेडकर शिकले ते कायदा नव्हे, अर्थशास्त्र; पण शिष्यवृत्तीची मुदत संपली की काय होते हे त्यांच्याइतके थोड्यांनी सोसले असेल. कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेले शिक्षण १९१७ मध्ये अर्धवट टाकून परतावे लागले, आणि १९२० मध्ये पुन्हा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज यांच्या जोरावर. अमेरिकेतही अशी उघड मागणी करणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत. न्यू यॉर्क विद्यापीठाची रूट-टिल्डन-कर्न शिष्यवृत्ती १९५० च्या दशकाच्या आरंभापासून चालू आहे. आज ती लोकहिताची वकिली करू पाहणाऱ्यांसाठी आहे. पूर्ण फी माफ, आणि त्या बदल्यातली बांधिलकी नैतिक. तिलाही स्वतःचा डाग आहेच: १९६० च्या दशकाअखेरपर्यंत ती फक्त पुरुषांना मिळत असे.

विक्रेत्याने आणखी एक प्रश्न विचारायचा: फुकटात खालच्या लॉ स्कूलला जावे, की कर्ज काढून वरच्या? याला एकच उत्तर नाही, कारण अमेरिकेत नव्या वकिलांच्या पगाराला दोन उंचवटे आहेत. मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षी सव्वादोन लाख डॉलर, बाकीच्या बहुतेकांना त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि मधे तुलनेने थोडेच. मोठ्या फर्मचे दार ज्या लॉ स्कूलमधून सहज उघडते तिथले कर्ज फिटते. आपल्याच राज्यात सरकारी वकील व्हायचे असेल तर गावातली फीमाफी सोडून ते कर्ज डोक्यावर घेणे शहाणपणाचे नाही. दोन्हीकडून पत्रे आली असतील तर एकाचे दुसऱ्याला दाखवून रक्कम वाढवून मागणे तिथे सर्रास चालते. आपल्या संकोची संस्कारांना ते बरे वाटत नाही, पण समोरचा त्याची वाटच पाहत असतो.

भारतातून जाणाऱ्यांना मात्र हा बाजार बहुधा बंदच असतो, आणि त्याचे कारणही हाच हिशेब. इथले कायद्याचे पदवीधर मुख्यतः एका वर्षाच्या एलएल.एम.ला जातात. त्याला एलसॅट लागत नाही, त्याचे गुण मध्यकात धरत नाहीत, म्हणून एलएल.एम.च्या उमेदवाराजवळ विकायला तो आकडाच नसतो. फार हुशार असूनही पूर्ण फीमाफी का मिळाली नाही, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. हार्वर्डसारख्या मोजक्या संस्था गरज पाहून मदत करतात. एरवी खरी आशा बाहेरच्या दात्यांकडून, उदाहरणार्थ अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीकडून. जे.डी.ला जाणाऱ्या भारतीयाला एलसॅटचा बाजार खुला आहे, पण अमेरिकन सरकारचे विद्यार्थिकर्ज मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी पूर्ण आणि अर्ध्या फीमाफीतले अंतर अमेरिकन विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी मोठे असते.

आता त्या कर्जाचेच गणित बदलते आहे. ग्रॅड प्लस या योजनेतून अमेरिकन विद्यार्थ्याला आजवर शिक्षणाचा जवळजवळ सगळा खर्च सरकारी कर्जाने भागवता येत असे. पूर्ण फी भरणाऱ्यांचा ओघ टिकला तो त्यामुळे, आणि सवलतींचा खर्चही त्यातूनच निघत असे. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ही योजना बंद केली. कायद्याच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज आता वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच. सत्तर-ऐंशी हजारांची फी आणि वर राहण्याचा खर्च पन्नास हजारांत बसत नाही. उरलेल्यासाठी खासगी कर्ज काढायचे, स्वस्त लॉ स्कूल पाहायचे किंवा बेतच रद्द करायचा. पूर्ण फी भरणारे या वाटांनी पांगू लागले, तर १७० गुणांसाठी आज मोजला जाणारा भाव उद्या कुणाच्या खिशातून द्यायचा, याचे उत्तर देणग्यांवर न पोसलेल्या लॉ स्कूलना आता शोधावे लागेल.